हळदीच्या यार्डात राहून हळदीचा वास का येत नाही? नाक आणि मेंदूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आणि आमच्या घरात दोन पिढ्या हळदीची अडत आहे, त्यामुळं वासाबद्दल काही विचारायचं असलं की लोकांना मी बरी सापडते. क्लासमधली पोरं विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, यार्डातले हमाल मामा पण विचारतात. तेच तेच प्रश्न दहादा झाले म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय.

यार्डातल्या लोकांना हळदीचा वास खरंच येत नाही का उगाच सांगतात?

खरंच कळत नाही. सीझन चालू असताना आमची पुण्याची मावशी आली होती, गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं नाकाला पदर लावला आणि सलग चार शिंका दिल्या, आणि पप्पा तिच्याकडं बघून म्हणतायत, कसला वास गं? म्हणजे दोघं एकाच शेडच्या दारात उभे, हवा एकच, पोती तीच, आणि एकाला भपकारा तर दुसऱ्याला काहीच नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. त्याच पप्पांनी पोत्यात हात घालून एक हळकुंड काढलं, टक्कन मोडलं, नाकाला लावलं आणि म्हणाले, ह्याला ओल लागलीय. बाकी कुणाला काही कळलं नाही. जे नाक एवढ्या मोठ्या शेडचा वास घेत नव्हतं त्याच नाकानं एका तुकड्यातला बारीक कुबट वास पकडला, म्हणजे नाक बंद नव्हतंच, मेंदूनं फक्त "हळद, हळद, हळद" ही जुनी बातमी ऐकणं सोडलं होतं. खाली जे सगळं लिहिलंय ते ह्या एका हळकुंडाभोवतीच फिरतंय असं समजा.

म्हणजे नाक थकतं का?

सगळे असंच म्हणतात, आणि थोडं खरं पण आहे, पण गोष्ट तेवढीच नाही.

नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध आत, एक छोटासा पातळ पडदा असतो आणि त्यात वासाच्या पेशी असतात. ह्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे कुलपं समजा, आणि वासाचे रेणू म्हंजे किल्ल्या. ह्या रिसेप्टरच्या जीन्सचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली शोधलं आणि त्याबद्दल त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. उंदराकडं असे चालू जीन्स हजाराच्या आसपास, आपल्याकडं साधारण 400. कमी वाटतं ना, पण एक वास म्हणजे एक किल्ली नसते, हळदीच्या वासातच टर्मेरोनसकट कितीतरी रेणू असतात आणि एकेक रेणू अनेक कुलपांना थोडा थोडा लागतो, त्यामुळं जी जुळवाजुळव होते ती प्रचंड असते.

किल्ली लागली की पेशीत सीएएमपी नावाचा निरोप्या तयार होतो, तो पेशीची दारं उघडतो आणि बाहेरून कॅल्शियम आत येतं, पेशी मेंदूकडं करंट सोडते. आता हेच आत आलेलं कॅल्शियम उलटं फिरून ब्रेकचं पण काम करतं. कॅल्शियम जमायला लागलं की त्याच दारांची संवेदना कमी होते, म्हणजे पुढच्या वेळी तेवढंच उघडायला जास्त वास लागतो. जसं आपल्या घरी पहिल्या बेलला सगळे पळत जातात आणि तोच पोरगा सारखी बेल मारायला लागला की "असू दे, येईल आत" म्हणतात तसं. हे सगळं काही सेकंदांतलं काम आहे. पण ही पेशी पूर्ण गप्प होत नाही, थोडी थोडी बडबडत राहतेच. मग वास पार गायब कसा होतो? ते पुढच्या प्रश्नात.

मग मेंदूत नक्की कुठं बंद होतो वास?

हा माझा लाडका भाग आहे म्हणून जरा लांबण लावणार आहे, घाई असेल त्यांनी गॅसचा प्रश्न तेवढा वाचून जा.

नाकाच्या पेशींच्या तारा कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि ऑलफॅक्टरी बल्ब नावाच्या गाठीत शिरतात. तिथं एका जातीच्या रिसेप्टरच्या सगळ्या तारा एका ठरलेल्या गुंडाळीत एकत्र येतात, यार्डात कसं प्रत्येक गावाची गाडी आपल्या ठरलेल्या अडत्याच्या दारात लागते तसं. तिथून मायट्रल पेशी निरोप उचलून पुढं पिरिफॉर्म कॉर्टेक्सला देतात. पिरिफॉर्म म्हंजे नाशपातीच्या आकाराचा, आणि बघणं-ऐकणं ह्यांचे निरोप आधी थॅलॅमसच्या टपाल खात्यातून जातात तसं वासाचं नाही, वास थेट कॉर्टेक्समध्ये.

आता उंदरांवर काय दिसलं, तर वास चालूच ठेवला तरी बल्बातल्या मायट्रल पेशी बऱ्यापैकी निरोप पाठवत राहतात पण पिरिफॉर्ममधल्या पेशी मिनिटाच्या आतच जवळजवळ गप्प होतात. म्हणजे टपाल येतंय पण कुणी फोडत नाही. डोनाल्ड विल्सन ह्या शास्त्रज्ञानं ह्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मायट्रल पेशीची तार जिथं पिरिफॉर्मला टेकते तिथं ग्लुटामेट नावाचं रसायन सांडतं, आणि ते सारखं सारखं सांडायला लागलं की तिथल्याच तारेच्या टोकावर बसलेले एका खास जातीचे ग्लुटामेट रिसेप्टर ते ओळखतात आणि "बास, कमी सोड" असं सांगतात. ह्या रिसेप्टरना औषधानं अडवलं तर पिरिफॉर्मला सवय होणं कमी होतं आणि उंदीर पण त्या वासाला सरावत नाही. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर भारी वाटलं होतं, कारण सवय ही काहीतरी मनाची गोष्ट असते असं आपण धरून चालतो आणि इथं ती एका सांध्यावर बोट ठेवून दाखवता येते.

माणसात पण साधारण तसंच. 2000 साली एमआरआयमध्ये लोकांना वास देऊन बघितलं तेव्हा वासाचा हा पहिला कॉर्टेक्स 30-40 सेकंदांतच थंड पडला, वास चालू असताना.

आणि हे एकच घड्याळ नाही बरं का. काही मिनिटांची सवय पिरिफॉर्ममध्ये होते आणि थांबून थांबून परत परत तोच वास दिला तर अर्धा तास वगैरे टिकणारी दुसरी सवय बल्बातच तयार होते, तिची यंत्रणा वेगळी, तिथं एनएमडीए रिसेप्टर लागतात, म्हणजे जे शिकण्या-लक्षात ठेवण्यात लागतात तेच.

गेलेला वास परत यायला किती वेळ लागतो?

खोलीबाहेर चक्कर मारून आलात तर काही मिनिटांत परत येतो. पण रोजच्या वासाचं वेगळं आहे. घरात रोज काही तास एकच वास ठेवून दोन आठवडे राहिलेल्या लोकांची त्या वासाची जाणीव नंतर वास काढून टाकल्यावर पण बरेच दिवस कमीच राहिली होती. म्हणूनच सुट्टीवरून आल्यावर दार उघडलं की "अरे, आपल्या घराला असा वास येतो?" असं होतं, आणि तुम्ही बॅगा ठेवून चहा टाकेपर्यंत तो गेलेला असतो.

2019 च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी होतं. उतरल्यावर जो चिखल राहिला त्याचा वास, ड्रेनेज, कुजलेलं धान्य, भिजलेल्या गाद्या सगळं मिळून, पहिल्या दिवशी उलटीच व्हायची बाकी होती. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच घरात बसून निवांत पोहे खात होतो. तेव्हा आई म्हणाली, गेला बाई वास. तेवढ्यात कोल्हापूरहून मदतीला आलेला मामेभाऊ उंबऱ्यातूनच मागं सरकला.

पण मेंदूनं असं का करायचं? वास येत राहिला तर काय बिघडतं?

लई बिघडतं. पप्पांचं हळकुंड आठवा. शेडभर हळदीचा वास तेवढाच जोरात चालू राहिला असता तर ओलीचा बारीक वास त्यात बुडून गेला असता. उंदरांच्या पिरिफॉर्ममध्ये हे दाखवलंय पण: मागं एक वास चालू असतानाच नवीन वास दिला की सुरुवातीला पेशींना ती सगळी एकच भेसळ वाटते, पण मागच्या वासाची सवय होऊन गेली असली की नवीन वास स्वच्छ, एकट्यासारखा कळतो. म्हणजे सवय होणं हे वजाबाकी आहे. रानातल्या प्राण्याला स्वतःच्या बिळाचा वास दिवसभर कळून उपयोग काय, त्याला मुंगूस आलेलं कळायला पाहिजे.

सगळ्याच वासांची सवय होते का? मला तर शेजारच्यांच्या गोठ्याचा वास दहा वर्षं येतोय.

हा प्रश्न विचारणारे काका आमचेच आहेत आणि गोठेवाल्यांशी त्यांचं बांधावरून आहे, हे इथं महत्त्वाचं आहे. हसू नका, खरंच सांगतेय. 1996 साली पामेला डाल्टन यांनी लोकांना एका खोलीत बसवून तोच एक वास, तेवढाच, वीस मिनिटं दिला, पण काहींना सांगितलं हा तब्येतीला चांगला आहे आणि काहींना सांगितलं की हा घातक असू शकतो. ज्यांना चांगला सांगितलं त्यांना तो हळूहळू कमी कमी वाटत गेला, नेहमीसारखं. ज्यांना घातक सांगितलं त्यांना तो तसाच जोरात वाटत राहिला. रेणू तेच होते. म्हणजे ज्या वासावर आपला डोळा आहे, राग म्हणा भीती म्हणा, त्याला मेंदू "जुनी बातमी" म्हणून टाकून देत नाही.

उंदरात ह्याचा एक धागा नॉरॲड्रेनलिनपाशी सापडतो, हे दचकल्यावर, सावध झाल्यावर मेंदूत वाढणारं रसायन. सवय होऊन गप्प झालेला पिरिफॉर्म मोठा आवाज झाल्यावर परत त्याच वासाला उत्तर द्यायला लागतो.

आता गोठ्याचं दुसरं अंग. शेणामुताच्या वासात अमोनिया असतो आणि तो नुसता वास नाही, तो झोंबतो. झोंबणं, चुरचुरणं, डोळ्यांत पाणी येणं, मिरचीचा खकाणा, ही कामं ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्या नसेची आहेत आणि त्याची सवय वासाएवढी पटकन होत नाही. तासगावकडं बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी दिलेली असते तेव्हा आत गेलात तर कळेल, घसा धरला तो धरलाच. तेव्हा काकांचं सगळंच मानसिक आहे असं मी म्हणत नाहीये. मुरघासाचा, म्हंजे आंबवून साठवलेल्या चाऱ्याचा, आंबूस वास मात्र त्यांना आता येत नसणार, पैज लावते.

कुत्र्याला पण सवय होते का? मग तो माग कसा काढतो?

होते, सगळ्याच सस्तन प्राण्यांना होते, उंदीर, म्हैस, कुत्रा, आपण. पण प्राणी नाकाचा पंप आपल्यापेक्षा भारी वापरतात. कुत्रा वास काढताना बघा, फुसफुसफुसफुस करतो, सेकंदाला पाचेक वेळा. उंदरावर 2007 साली असं दिसलं की भराभर हुंगायला लागला की सतत असलेल्या मागच्या वासाला नाकाच्या पेशींकडून बल्बाला जाणारा निरोप कमी होतो आणि नव्यानं आलेला वास उठून दिसतो. म्हणजे हुंगण्याचा वेग हीच एक गाळणी आहे, बटण प्राण्याच्या स्वतःच्या हातात. शिवाय माग काढताना कुत्रा नाक डावीउजवीकडं नेत राहतो, मागावरून आत-बाहेर होतो, एका जागी नाक रोवून बसत नाही. बसला तर त्याचं पण आमच्या पप्पांसारखंच होईल.

अत्तराच्या दुकानात कॉफीच्या बिया ठेवतात त्या हुंगल्यावर नाक ताजं होतं का?

नाही. तपासून बघितलंय लोकांनी, कॉफीच्या बिया, लिंबाची फोड आणि नुसती हवा, तिन्हींत फरक पडला नाही. कॉफी पण वासच आहे ना शेवटी, एका वासाला कंटाळलेल्या नाकात दुसरा वास कोंबून काय होणार. दारात जाऊन दोन मिनिटं उभं राहा नाहीतर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, फुकटात काम होतं.

गॅस लीक झाला आणि थोड्या वेळानं वास गेला तर धोका टळला का?

नाही नाही नाही. हे ठळक वाचा.

सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच, त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात कारण त्याचा सडका वास आपल्याला अतिशय कमी प्रमाणात पण कळतो. पण बारीक लीक असेल आणि तुम्ही त्याच किचनमध्ये तासभर स्वयंपाक करत असाल तर नाक सरावतं. आमच्या वरच्या मजल्यावर असंच झालं होतं, नळी चिरलेली, सूनबाई सकाळपासून आत होती तिला काही नाही, दूध द्यायला आलेल्या पोरानं दारातून विचारलं, वैनी गॅस चालूय का? पोरगं दोन मिनिटं उशिरा आलं असतं तर तिनं शेगडी पेटवली असती. तेव्हा एकदा वास आला की आला, परत येतोय का म्हणून तिथंच उभं राहून तपासत बसायचं नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, बटणाला हात नाही आणि बाहेर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो, म्हणून खिडकीपेक्षा दार उघडणं जास्त महत्त्वाचं.

आणि झोपेत नाकावर अजिबात भरवसा नाही. गाढ झोपेतल्या लोकांना पुदिन्याचा आणि पिरिडिनचा म्हणजे एका घाणेरड्या केमिकलचा वास देऊन बघितलाय, उठत नाहीत. रात्री रेग्युलेटर बंद करूनच झोपा.

गोबरगॅसच्या टाकीत, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरताना "आधी वास येत होता, आता नाही" म्हणतात, ते काय?

ते सवय होणं नाही, ते नाक मरणं आहे, आणि त्यानंतर माणूस मरतो. हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास. अगदी थोडा असला, एक पीपीएमच्याही (म्हंजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) खाली, तरी कळतो. पण साधारण 100 पीपीएमच्या पुढं गेला की काही मिनिटांत वासाची नसच बधिर होते आणि त्याहून बराच जास्त असला तर माणूस जागेवर कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसरा पण कोसळतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून कुणीही, कितीही घाई असू दे, खाली उतरायचं नाही.

मला कुठलाच वास येत नाही, ही पण सवयच का?

नाही. सवय त्या त्या वासापुरती असते आणि जवळचे दोन-चार वास थोडे ओढले जातात, बस. सगळेच वास गेले असतील तर सर्दी, नाकातला मांस वाढलेला, डोक्याला मार, किंवा कोविडसारखं इन्फेक्शन. कोविडमध्ये विषाणू मुख्यतः वासाच्या पेशींना टेकू देणाऱ्या पेशींवर हल्ला करायचा, वासाच्या पेशींवर नाही, म्हणून बऱ्याच जणांचा वास काही आठवड्यांत परत आला. वासाच्या पेशी तशाही आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात, मज्जापेशींमध्ये हे फार दुर्मिळ आहे.

ज्यांचा आला नाही त्यांच्यासाठी वासाचा व्यायाम असतो, जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी 2009 साली मांडलेला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ लक्ष देऊन हुंगायचं, बारा आठवडे. चमत्कार नाही, पण करण्यासारखं आहे. आधी ईएनटीवाल्यांना दाखवा, उतारवयात वास हळूहळू जायला लागला असेल तर नक्कीच दाखवा कारण पार्किन्सन्समध्ये कधी कधी हे हातापायांच्या कंपाच्या आधी दिसतं.

सारखा वास घेऊन नाक बोथट होतं का तयार होतं?

दोन्ही. ह्या घटकेला बोथट, वर्षानुवर्षांनी तयार. अँड्रोस्टेनोन नावाचा एक रेणू आहे, डुकराच्या लाळेत असतो, कितीतरी माणसांना त्याचा वासच येत नाही. 1989 साली अशा वीस जणांना सहा आठवडे रोज तो हुंगायला दिला तर निम्म्यांना यायला लागला! म्हणजे थांबून थांबून, लक्ष देऊन हुंगलं तर उलटं होतं. पप्पा हळकुंड मोडून दोन सेकंद नाकाला लावतात आणि लगेच खाली टाकतात, पोत्यात तोंड घालून बसत नाहीत. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही.

आमच्या भागात मळीचा वास येतो अशी तक्रार केली की साहेब येतात, तासभर बसतात आणि म्हणतात कुठं काय येतोय. काय करायचं?

साहेबांना आधी चहा पाजू नका. खरंच. गाडीतून उतरल्या उतरल्या, काच खाली केल्या केल्या विचारा आणि तिथंच लिहून घ्या, कारण अर्ध्या मिनिटानंतर त्यांच्या पिरिफॉर्मचं काही खरं नाही. आणि गावकऱ्यांची साक्ष काढायची असेल तर तिथं कायम राहणाऱ्याची नको, सकाळी बाहेरगावाहून येणारे शिक्षक, एसटीचे कंडक्टर, माहेरी आलेल्या पोरी, ह्यांना विचारा. वेळ आणि वाऱ्याची दिशा रोज वहीत लिहा.

लग्नाला जाताना सेंट किती मारायचा?

दोन फवारे. स्वतःला वास यायचा बंद झाला म्हणून तिसरा मारायचा नाही, हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीत तुमच्या शेजारी कुणीतरी नुकतंच येऊन बसलेलं असतं.